तुबाची रायटर

राजापेठ, अमरावती
८ डिसेंबर

सीमाआत्या,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. घाबरायचं काम माझ्याकडे आहे.

फोन केला असता, पण बाबांनी माझा मोबाइल कपाटात कुलूपबंद केलाय. अकरावी-बारावी ही दोन वर्षं त्याचं तोंडसुद्धा पाहायचं नाही म्हणतात. आणि आईच्या फोनवर बोलायचं तर आई समोर बसून दोन्हीकडचं ऐकते. तुझ्या शेजारचे देवमनभाऊ रोज अकोला-अमरावती अपडाऊन करतात आणि त्यांचं ऑफिस आमच्या कॉलेजसमोरच आहे, हे मला परवा सुचलं. सकाळी त्यांच्याकडे दिलेलं पत्र संध्याकाळी तुझ्या हातात पडेल आणि आईला पत्ता लागणार नाही.

तर झालंय असं, की यंदा कॉलेजने नियम काढलाय. अकरावीच्या प्रत्येकाने एक छंद-उपक्रम आणि एक सेवाकार्य निवडायचं. आई म्हणते नाटक घे, जरा धीट होशील. बाबा म्हणतात, ज्यात वेळ कमी जाईल आणि प्रमाणपत्र मिळेल ते घे. मला कशाची भीती वाटते ते कोणी विचारत नाही. तुला तर माहीतच आहे, मला सगळ्याचीच वाटते. स्टेजवर गेले की जीभ टाळ्याला चिकटते. दवाखान्यात मदत करायची तर रक्त. सर्पमित्रांबरोबर जायचं तर, नको, ते मी लिहीतसुद्धा नाही. वाहतूक पोलिसांबरोबर चौकात उभं राहायचं असंही एक काम होतं, पण राजापेठचा चौक मी अजून कुठल्यातरी काकूंच्या आडोशाने ओलांडते.

शेवटी एक काम सापडलं. बारावीच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्यांना रायटर लागतो. ते सांगतात, आपण लिहायचं. रायटर खालच्या वर्गातलाच हवा, म्हणून आम्हाला विचारतात. वेगळी खोली, खुर्ची, टेबल, पंखा, आणि बघायला कोणी नाही. माझं अक्षर तेवढं सगळ्यांना आवडतं. मी उपक्रम म्हणून सुलेखन घेतलं आणि सेवा म्हणून हे.

काल त्या मुलीची भेट झाली. तुबा तिचं नाव. आई जिथे ब्लाउज शिवायला टाकते, त्या बशीरभाईंची मुलगी. ती जन्मापासून अंध आहे. गेल्या वर्षी ऐन पेपरला तिचा रायटर आलाच नाही, त्याच्या घरी लग्न होतं म्हणे. तिचं वर्ष गेलं. यंदा ती पुन्हा बसते आहे. तिने माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "हात तं थंडगार हाये वं तुहा. भेते काय?"

मी नाही म्हटलं.

"खोटं नोको बोलू," ती म्हणाली. "पेपरात माहा हात म्हंजे तूच हायेस."

तिचं आणखी एक वर्ष माझ्या हातून गेलं तर? नाव मागे घेऊ का? लवकर लिही.

तुझी
आचल


जठारपेठ, अकोला
१० डिसेंबर

आचल, भित्र्यांच्या महाराणी,

तुझं पत्र वाटणाचा मिक्सर चालू असताना वाचलं, म्हणून कागदाला मसाल्याचा वास येईल. मेसच्या पोरांना आज भाजी जरा खारट लागली, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

नाव अजिबात मागे घ्यायचं नाही. अगं, खुर्चीत बसून लिहायचं, त्यात भिण्यासारखं काय आहे? तू काय विहिरीत उडी मारायला निघालीस? दादाला सांग, सीमाने परवानगी दिली आहे. तो माझ्यापुढे बोलत नाही. आणि मला विचारशील तर नशीब त्या पोरीचं. दरवर्षी पहिला नंबर काढणारी रायटर कोणाला मिळते? तुला सगळं येतं. तिचं कुठे अडलं तरी तुझ्या हातून चुकीचं थोडंच लिहिलं जाणार आहे!

तेव्हा छाती पुढे काढ आणि जा. शेखरकाकांचा आशीर्वाद. ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता 'हो, हो' म्हणाले, तो आशीर्वादच समजायचा.

आत्या


राजापेठ
२० फेब्रुवारी

आत्या,

मधे पत्र लिहायला वेळच झाला नाही. क्लास, कॉलेज आणि रविवारी तुबाकडे सराव. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसायचो, ती जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं सांगायची, मी लिहायचे. पुस्तकाची भाषा ती अशी घडाघडा बोलते, की एरवी वऱ्हाडी बोलणारी तुबा ती हीच का असा प्रश्न पडतो. तिच्या अम्मी, आमिनाचाची, मला दर वेळी खायला घालतात.

तुबाचे नियम कडक आहेत. ती बोलेल तसंच उतरवायचं. प्रत्येक उत्तर संपलं की वाचून दाखवायचं. एकदा सरावात मी म्हटलं, अगं इथे अजून एक मुद्दा येतो. तर म्हणाली, "तुले काय येते ते माह्या पेपरात नाई पाहिजे. मी पास झाली पाहिजे, तू नाई."

मराठी आणि राज्यशास्त्राचे पेपर झाले. दोन्ही नीट गेले, माझ्या हातून काही चुकलं नाही. पण राज्यशास्त्राच्या पेपरला भरारी पथक आलं. एक सर थेट माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि मी लिहिलेलं वाचू लागले. तुबा बोलतच होती, तिला कळलंही नसेल. जाताना ते मला म्हणाले, "रायटरने मनाचं लिहिलं असं आढळलं तर कॉपी केस होते. दोघींचं वर्ष जाईल." मी काहीच केलं नव्हतं आत्या, तरी पुढची ओळ मी तिला दोनदा सांगायला लावली. खोलीत कॅमेरासुद्धा आहे. मंगळवारी भूगोल.

आचल


जठारपेठ
२१ फेब्रुवारी

आचल,

पथकाला काय भ्यायचं? ती माणसं ओरडायचाच पगार घेतात. तू चोरी केली नाहीस ना, मग मान वर करून बस.

आता खरं सांगते, ते मी तीनदा वाचलं. वर्ष जाईल म्हणजे काय? तुझंही? हे मला तू आधी सांगितलं नव्हतंस. भूगोल झाला की लगेच कळव.

आत्या


राजापेठ
२५ फेब्रुवारी

आत्या,

माझ्या हातून काहीतरी झालंय. हे पत्र काकांनाही दाखवू नकोस.

कालच्या पेपरात जन्मदराची व्याख्या होती. तुबा म्हणाली, दर शंभर लोकांमागे एका वर्षात होणारे जन्म. हजार असतं ते, मला दहावीपासून माहीत आहे. माझा पेन शंभरापाशी थांबला. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने, चुकीचं उत्तर! मला ते लिहवेना. मी 'हजार' लिहिलं. मग साक्षर कोणाला म्हणतात त्यात ती 'पाच वर्षांवरील व्यक्ती' म्हणाली, मी 'सात' लिहिलं. त्यानंतर हात आपोआपच वळायला लागला.

आणि नंतर ती नेहमीसारखी म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचलं. पानावर हजार होतं, मी तोंडाने शंभर म्हटलं. पानावर सात, तोंडाने पाच. तिने मान डोलावली, "बराबर" म्हणाली. सुपरव्हायजर मॅडम दाराशी उभ्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

मी तिच्या भल्यासाठीच केलं ना? पण कालपासून बाहेर कुणाची गाडी थांबली की वाटतं बोर्डाची माणसं आली. आत्या, त्या कॅमेऱ्याला ऐकू येतं का गं?

आचल


जठारपेठ
२६ फेब्रुवारी

आचल,

कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. मी मेसमधल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराला आडून आडून विचारलं. आणि आलं तरी तुमचं दोघींचं बोलणं कोण कान लावून ऐकत बसलंय?

आता नीट वाच. हे कोणाला सांगायचं नाही. दादाला नाही, कॉलेजात नाही, आणि त्या तुबाला तर मुळीच नाही. सांगून काय होणार? पेपर तर गेला. तिने तक्रार केली तर तुझं वर्ष जाईल, आणि नियमाप्रमाणे तिचंही. म्हणजे उलट तिचंच नुकसान. मार्क वाढलेच आहेत ना, कमी तर झाले नाहीत? मग कोणाचं काय गेलं? राहिलेल्या पेपरांना मुकाट्याने ती सांगेल ते लिही आणि मोकळी हो.

तुझं पत्र मी गॅसवर जाळलं. तूही हे जाळ. आई बघायच्या आत.

आत्या


राजापेठ
४ मार्च

आत्या,

मी तुला अर्धंच लिहिलं होतं. तेव्हा उरलेलं अर्धं मलाही माहीत नव्हतं.

भूगोलात लोकसंख्या वाढीच्या टप्प्यांवर एक मोठा प्रश्न होता. तुबाने सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात मृत्युदर घटतो, पण जन्मदर उंचच राहतो, म्हणून लोकसंख्या भराभर वाढते. मला वाटलं, दवाखाने आले, औषधं आली, म्हणजे दोन्ही घटणार, हे तर साधं आहे. मी 'जन्मदरही घटतो' लिहिलं. इतका आत्मविश्वास होता की तुला लिहिताना हे मला चूक म्हणून आठवलंसुद्धा नाही.

परवा वरच्या मजल्यावरच्या रागिणीताईचं बारावीचं पुस्तक सहज उघडलं. तुबाचं बरोबर होतं. तिचं सगळं उत्तर त्या एका वाक्यावर उभं होतं आणि ते मी काढून टाकलं. दोन्ही दर घटले आणि तरी लोकसंख्या भराभर वाढली, असं आता तिच्या पेपरात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे. तू म्हणालीस मार्क वाढले. कमी झाले, आत्या.

तू नको म्हणाली होतीस, पण काल मी दुकानात गेले. तुबा ब्लाउजांना हूक लावत होती, ते तिला बोटांनीच जमतं. मी सगळं सांगितलं. बशीरभाईंची मशीन थांबली.

तुबा म्हणाली, "वाचून तं तू तसंच दाखवलं होतं."

"हो."

"म्हंजे पानावर एक अन तोंडात एक. मले दिसत नाही म्हनून."

मी म्हटलं, मी घाबरले होते, तुझ्या पेपरात चुकीचं जाऊ नये असं वाटलं. तिने हातातला ब्लाउज बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, हे अजून कोणाला माहीत आहे? मी तुझं नाव सांगितलं. तू गप्प बस म्हणालीस, तेही सांगितलं. तिच्यापुढे आणखी एक खोटं मला बोलता आलं नाही, मला माफ कर. आमिनाचाची चहा घेऊन आल्या, तर तुबा म्हणाली, "तिले चहा नोको देऊ अम्मी, ते जाऊन राहिली."

बशीरभाई कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बेटा, सोमवारी इतिहास हाये. ते म्हनते मी बसतच नाही. तू समजाव तिले." आज कळलं, हे सेवाकार्य बघणाऱ्या आमच्या गीतांजली मॅडम तिला दुसरी रायटर द्यायला तयार आहेत, बशीरभाईंनी त्यांना कारण सांगितलं नाही, नुसतं दोघींचं जमत नाही म्हणाले. पण तुबा म्हणते, "दुसरीवर काहून भरोसा ठेवू? हे तं पयल्या नंबरची होती." तिने कुठेही तक्रार केली नाही. ती फक्त पेपरला बसणार नाही. पुन्हा एक वर्ष जाणार, आणि ते रायटर आला नाही म्हणून नाही, आला म्हणून.

मला फार भीती वाटते. कॉपी केसची आता नाही वाटत. सोमवारी ती खोली रिकामी राहील, याची वाटते.

आचल


जठारपेठ
५ मार्च

आचल,

अगं, माझं नाव कशाला घेतलंस! आज सकाळपासून दारावर कोणीही आलं तरी मी आधी खिडकीतून बघते. देवमनभाऊंनी नुसती बेल वाजवली तर हातातली परात पडली.

पण राग तुझ्यावर नाही. मीच तुला लिहिलं होतं, तुला सगळं येतं, तुझ्या हातून चुकीचं लिहिलं जाणार नाही. पोरीला भीती वाटत होती ती बरी होती, मी ती उगाच घालवली.

मी शनिवारी येऊ का? तिच्या पाया पडते. मेसला सुट्टी देते. तू फक्त सांग. पण एक लक्षात ठेव, ती जा म्हणाली म्हणून घरी बसून रडू नकोस. उद्या पुन्हा जा. बोलली नाही तरी उभी राहा.

आत्या


अमरावती
६ मार्च

सीमा आत्याबाई,

सलाम. मी तुबा. हे पत्र मी बोलून राहिली अन आचल लिहून राहिली. मी तिले सांगतलं, माह्या तोंडातून जसं निंघन तसं लिही, पुस्तकी करू नोको. लिहून झालं का मले वाचून दाखवू बी नोको. वाचून दाखवन्याचा आता काही उपेग नाही.

आज हे दुकानात येऊन उभी रायली. मी जाय म्हटलं तरी गेली नाही. अब्बानं तिले स्टूल देल्लं तं बसली बी नाही. मले दिसत नाही, पन कोनी उभं असलं का समजते, हवा अडते. लय येळ अडून होती. मंग मी म्हटलं, घे कागद.

आत्याबाई, हे मले म्हनते मी घाबरली होती म्हनून केलं. मी म्हनते हे घाबरट नाही, गर्विष्ठ हाये. घाबरलेलं मानूस विचारते, 'तुबा, शंभर का हजार?' तेही नियमात बसत नाही, पन निदान मले समजलं असतं. हिनं विचारलं नाही. हिले वाटलं, तुबाचं चुकलंच असन, आंधळीच तं हाये. हे असंच लिही आचल. आंधळीच तं हाये.

अन तुमी. तुमी तिले चूप बसाले सांगतलं. तुमी मले पाह्यलं नाही, माहं नाव तेवढं आयकलं, अन माह्यासाठी ठरवून टाकलं का मार्क वाढले तं मी खुश होईन. तुमची भाची तुमच्यावरच गेली.

माह्या चुका माह्या हायेत. मी चुकली तं मीच चुकली पाहिजे. नापास झाली तं मीच झाली पाहिजे. नाही तं पास झाली तेबी मी नाहीच.

मले सोमवारी पेपरले बसावं वाटते. लय वाटते. माहा अभ्यास झाला हाये. पन खोलीत हे माह्या बाजूले बसली का माह्या तोंडातून निंघालेलं कुठं जाते ते मले समजत नाही, अन मले भेव लागते. मी कोनाले सांगत नाही, तुमाले सांगून राहिली. मले लय भेव लागते.

तुमचं अकोला आमच्या पूर्वेले हाये. सूर्य तुमच्याकडूनच उगवते, तं सकाळी आमच्या आंधी तुमच्या दारात उजेड येत असन. मजा हाये तुमची.

आता काम आयका. या पत्रात काय लिवलं हाये ते मले सांगा. अब्बाले वाचाले लावलं असतं, पन त्यायले मी पेपरले बसावं असं वाटते, ते काही झालं तरी 'सगळं बराबर हाये बेटा' म्हनतीन. तुमाले तं खोटं बोलाचं सगळ्याहून मोठं कारन हाये, भाचीले वाचवाचं हाये. म्हनूनच तुमालेच विचारून राहिली. तुमी खरं बोलल्या तं मी समजन, खरं बोलता येते मानसाले.

तुबा


जठारपेठ, अकोला
७ मार्च

तुबा,

हे पत्र तुझे अब्बा तुला वाचून दाखवतील. बशीरभाई, माझी विनंती आहे, एकही शब्द गाळू नका, माझ्याविरुद्ध असेल तो तर नाहीच.

बेटा, काल तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. चूप बसायला मीच सांगितलं होतं. भाचीला वाचवायला सांगितलं, तुझ्या भल्यासाठी नाही. भल्याचं मी नंतर जोडलं. तू मला ओळखलंस. याच्यापुढे कसलीही सबब मला सांगता येत नाही.

आता पत्रात काय आहे ते. 'घाबरट नाही, गर्विष्ठ हाये' असं लिहिलेलं आहे. गर्विष्ठ शब्दाच्या आधी पेन थांबलेला दिसतो, शाईचा ठिपका पडलाय, पण शब्द पुरता आहे. 'आंधळीच तं हाये' लिहिलं आहे, दोनदा, आणि मधलं 'हे असंच लिही आचल' हेसुद्धा. 'तुमची भाची तुमच्यावरच गेली' आहे. तुला भेव लागते हे दोनदा आहे. कुठे खाडाखोड नाही. तू जशी बोलत असशील तशीच्या तशी तू पत्रातून माझ्याशी बोललीस.

आणि अकोला तुमच्या पूर्वेला आहे, सूर्य आमच्याकडून उगवतो, असं लिहिलं आहे. बेटा, अकोला तुमच्या पश्चिमेला आहे. सूर्य आधी तुमच्याकडे येतो. तुला हे चांगलं माहीत आहे असं मला वाटतं. आमच्या आचलला तर चौथीपासून माहीत आहे. तरी कागदावर पूर्वेलेच आहे.

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. अब्बांकडून नाही, तुमच्याशी ज्याचं काही देणंघेणं नाही अशा कोणाकडून तरी ते वाचून घे. पेपरला बसायचं की नाही ते तूच ठरव. मी बस म्हणणार नाही. ओठांवर आलं होतं, गिळलं.

सीमा


राजापेठ
९ मार्च

आत्या,

तुझं पत्र तिने रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं. त्याने तिचं पत्रही वाचून दाखवलं, पूर्वेपर्यंत. मग ती म्हणाली, "सोमवारी टायमावर ये." एवढंच. माझ्याशी ती अजून बोलत नाही, कामापुरतं बोलते. बोलेल की नाही मला माहीत नाही.

आज इतिहास झाला. मला काल झोप नव्हती, हात पहिल्या दिवसासारखे गार होते. खोलीत तीच टेबलं, तोच कॅमेरा, त्याच मॅडम. ती सांगत होती, मी लिहीत होते. बराच वेळ सगळं तिचं बरोबर होतं आणि मला वाटलं, सुटले.

मग इंग्रजांची सत्ता भारतात कशी रुजली तो प्रश्न आला. ती घडाघडा सांगत होती आणि त्याच ओघात म्हणाली, "प्लासीची लढाई, सतराशे एकसष्ट."

ते पानिपत, आत्या. प्लासी सत्तावन्न. तिलाही माहीत आहे, सरावात तिने कितीदा बरोबर सांगितलं होतं. घाईत तिची जीभ घसरली होती. माझा पेन थांबला. पेन थांबल्याचं तिलाही कळलं असावं, कारण तीही थांबली. तिने मान माझ्या पेनाकडे वळवली. मला रडू येत होतं, कारण हे मार्क जाणार होते आणि ते मला डोळ्यांनी दिसत होते.

मी १७६१ लिहिलं.

उत्तर संपल्यावर ती म्हणाली, "वाचून दाखव." मी सगळं वाचलं. त्या आकड्यापाशी आवाज जड होऊ नये, पुढे पळू नये, म्हणून मी टेबलाची कड धरून ठेवली होती. प्लासीची लढाई, सतराशे एकसष्ट. तिच्या लक्षात यावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर," ती म्हणाली. "फुडं लिही."

आचल